आधी मी बोलणार

शनिवारी सकाळी कॉनकॉर्डमधल्या बेकरीच्या रांगेत माझ्या पुढे आमच्या माजी गव्हर्नर रोझलिन पेल्टियर आणि त्यांची मुलगी नोएल उभ्या होत्या. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मिळवायच्या शर्यतीत रोझलिनबाई उतरणार का, याची चर्चा महिनाभर गावात चालली होती.

"मी पक्षाला नाही म्हणून कळवतेय, नोएल."

"माझ्यामुळे?"

"घरी कामं कमी आहेत का?"

"आई, अपघाताचं बोल."

"हळू. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. दारू पिऊन गाडी मी चालवली. त्या माणसाचा पाय माझ्यामुळे गेला. तुरुंगातही मीच जाऊन आले."

"विरोधक रोज टीव्हीवर तुझा फोटो दाखवतील."

"दाखवू देत. पण तू माझ्यासाठी घरी बसलीस, तर माझी शिक्षा कधी संपणारच नाही. ते मला नाही झेपायचं."

"आणि पुन्हा प्यावंसं वाटलं तर?"

"तुला फोन करेन. प्रचाराला लांब आयोवात भर सभेत असलीस तरी उचलायचास."

"उचलेन."

"आणि पहिल्या सभेत तुझ्या आधी मी बोलणार. सगळं माझ्याच तोंडून ऐकल्यावर त्यांच्याकडे सांगायला काय उरेल?"

"चार माणसांसमोर तुझे हात थरथरतात."

"थरथरू देत. बोलायचं तोंडानं आहे."

रोझलिनबाईंनी रांगेतच फोन लावला.

"हॉल ठरवून टाका. हो, उतरतेय. सुरुवातीला माझी मुलगी बोलेल. नाही, तिचं भाषण कुणी तपासायचं नाही. मीसुद्धा नाही."