भुईचक्रांची वाटणी

तेरखेड्यात फटाक्यांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर मी वाहनाची वाट पाहत होतो. शेजारी एका आजींनी भुईचक्रांची आपल्या दोन नातवंडांत वाटणी केली होती. थोरल्या निकिताने आपली ओळीने मांडली होती. धाकट्या अमरसिंहाने ढीग केला होता, आणि तो रडकुंडीला आला होता.

"आज्जी, ताईची लई हायेत! बघ, पार टोकापर्यंत गेली!"

"आरं, म्या मोजून दिलीत. सारखीच हायेत."

"मोजून काय होतंय? दिसत न्हाय का तुला?"

"आज्जी, ह्यो येडाच हाय."

"येडा म्हणू नगं. तू बी एवढी असताना भाकरीचे चार तुकडे करून घ्यायचीस. म्हणायचीस, आता लई झाली."

"मी? छ्या!"

"इचार तुझ्या आईला. अमर, तुझी आण हिकडं. ही बघ, लांब लांब मांडली. निकिता, तू ढीग कर. आता?"

"आता माझी लई!"

"आज्जी, ही फसवणूक हाय."

"गप गं."

"ताई, तुझी कमी झाली का?"

"झाली बाबा."

"मग हे घे माझ्यातलं. अजून बी कमीच दिसत्यात. हे बी घे. हे बी!"

"निकिता, हसू नगं. तुझी लांब मांड."

"कशाला? तो देतोय की!"

"म्हणूनच मांड. न्हायतर लेकराकडं एक बी ऱ्हायाचं न्हाय."

"घे, मांडली."

"आज्जी! ताईची परत लई झाली!"

"आता मात्र खरं बोललास, माझ्या राजा. निकिता, काढ त्याची तिन्ही."