पाण्यात उतरलात का?

मला विचाराल तर, गोळी देणं सोपं, प्रश्न विचारणं अवघड. मुरबाडला मी तापाचे पेशंट बघायचो, तेव्हाची गोष्ट. लेप्टो म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा ताप. वरून आलेल्या फॉर्मवर त्यासाठी एकच प्रश्न होता, "पाण्यात उतरलात का?" हो म्हटलं तरच पुढची तपासणी. आणि ऐन लावणीत सगळे म्हणायचे, "नाय."

म्हसा गावाकडच्या एक काकू आल्या. अंगात सणसणून ताप, डोळे लाल. त्याही म्हणाल्या, "नाय." पण पोटऱ्यांवर चिखल वाळलेला.

"काकू, मग हा चिखल कसला?"

"आवणीचा. भात लावीत होतो ना."

"म्हणजे पाण्यातच उभ्या होता की!"

"पाण्यात कोण लावतं, डॉक्टर? रोपं तरंगतील ना! आमी चिखलात लावतो."

काकूंना लगेच गोळ्या सुरू केल्या, त्या बऱ्याही झाल्या. फॉर्मवर मी ‘पाण्यात’ खोडून ‘चिखलात’ लिहिलं. पुढचा प्रत्येक पेशंट "हो" म्हणाला. जिल्ह्याला मात्र फॉर्म नाही, फक्त ‘हो’चा आकडा जायचा.

आठवड्याने जिल्ह्याहून साहेबांचा फोन. "डॉक्टर, तुमच्याकडे एवढा पूर आला, आणि कळवलं नाहीत?"