पास्ट्रामीवर मेयोनीज

बायको गेल्यापासून मी दुपारी मॅनहॅटनमधल्या आमच्या नेहमीच्या डेलीतच, म्हणजे सँडविचच्या दुकानात, पास्ट्रामीचं, मसाला लावून धुरावलेल्या गोमांसाचं सँडविच खातो. काल रांगेत माझ्यापुढे साठीची एक बाई होती आणि तिच्या ऑफिसात नवीन लागलेला एक तरुण, ब्रॅडन.

“फिलिस, आठवडाभर सगळं काम शिकवलंत. आता इथे जेवायचंही शिकवा.”

“बाराच्या आत यायचं. नंतर अर्धी सुट्टी रांगेतच जाते. घ्यायची ती पास्ट्रामी.”

“तुमची आता मजा. निवृत्त झालात, निवांत खा.”

“निवृत्त? कोण म्हणालं?”

“साहेब. म्हणाले, तुम्हीच थकलात, स्वतःहून सोडताय.”

“त्यांनी तर मला बोलावून सांगितलं, ब्रॅडनला शिकवा आणि किल्ल्या ठेवून जा.”

“अरेरे. पण खरं सांगू? तुमचं काम मला दोन दिवसांतच जमलं. इतकी वर्षं करत काय होतात?”

“तुझी वाट बघत होते.”

“रागावू नका हो. पास्ट्रामी कशाबरोबर मागू?”

“पांढरा पाव आणि भरपूर मेयोनीज. मोठ्याने सांग, काउंटरवरच्या इर्विनला कमी ऐकू येतं.”

ब्रॅडनने मोठ्याने सांगितलं. मांस कापता कापता इर्विनची सुरी थांबली. रांगेतले लोकही वळून बघू लागले.

“पास्ट्रामीवर मेयोनीज? माझ्या उभ्या आयुष्यात इथे हे कुणी मागितलं नाही. फिलिस, तुझं नेहमीचंच ना? काळा पाव आणि मस्टर्ड?”

“हो, तेच. आणि याचा चेहरा नीट बघून ठेव, इर्विन. सोमवारपासून माझ्या जागी हा रोज येणार आहे.”