कार्ड गुणी आहे हो माझं!

…तर मुद्दा असा की तो आवाज मला येतच नव्हता! आणि ज्याला आवाज येत नाही त्यालाच सगळं घर विचारतंय, आवाज कुठून येतोय? अहो, मला काय माहीत? मी गेम खेळताना कानाला हेडफोन लावतो, त्यात बंदुका, विमानं, वर एक सेनापती सारखा माझ्याच नावाने बोंबलत असतो, त्यात खोलीतलं काय कप्पाळ ऐकू येणार! पण पलीकडच्या खोलीत बायकोचा क्लास चालतो. अकाउंट्स शिकवते, ऑनलाइन. आणि भर तासात तिची एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘मॅडम, तुमचा कुकर झाला वाटतं.’ झालं! गॅसवर कुकर नव्हताच. बायको उठली, कान लावत लावत माझ्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावरूनच निकाल देऊन मोकळी, ‘तुमच्या त्या डब्यातून येतोय.’

डबा! अहो, कॉम्प्युटर आहे तो! तुम्हाला सांगतो, त्या डब्यात ग्राफिक्स कार्ड आहे. तीन पंख्यांचं! सगळा गेम डोळ्यांपुढे जिवंत होतो तो त्याच्या जिवावर. आजवर घरात वस्तू आल्या त्या घरासाठी आल्या, मुलीसाठी आल्या, भिंतीसाठी पडदेसुद्धा आले… पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदा मी स्वतःसाठी काहीतरी घेतलं, तर ते म्हणे शिट्ट्या मारतं! कार्ड गुणी आहे हो माझं!

पण ऐकेल कोण? ‘शनिवारपर्यंत आवाज बंद झाला नाही,’ बायको म्हणाली, ‘तर तो डबा माझ्या भावाकडे.’ आता हा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. माणूस वाईट नाही, पण हा ‘भावाकडे’ शब्द त्याच्यापर्यंत पोचला कसा ते मला अजून कळलेलं नाही, कारण संध्याकाळी तो रिकामं खोकं घेऊन हजर! इतका हळू बोलतो की आपल्यालाच मोठ्याने बोलल्याची लाज वाटावी. ‘घाई नाही दाजी. खोकं नुसतं ठेवून जातो.’ आणि ठेवलं कुठं? माझ्या खुर्चीला खेटून! पाय ठेवायला गेलो की खोकं.

मग मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि पहिलं वाक्य काय, ‘काका, धूळ.’ काका! धुळीचा आणि माझ्या वयाचा काय संबंध? बरं, धूळ काढली. मग म्हणाला, ‘कार्ड जड आहे, एका बाजूने झुकलंय, आधार द्या.’ मुलीची नेलपॉलिशची बाटली उभी करून आधार दिला. मग म्हणाला, एखादी वायर पंख्याला घासत असेल. वायरी बांधल्या. मग म्हणाला, कधी कधी कार्डातली तारेची वेटोळी लोड आला की शिट्टी मारतात, तर कार्डाला जरा कमी पळवा. कमी पळवलं! गेममधली माणसं पाण्यातून चालल्यासारखी चालायला लागली, सेनापतीचा तर धीरच सुटला, आणि पलीकडून बायको, ‘येतोयऽऽ!’

हं, आता गंमत ऐका. बायको म्हणाली म्हणून मी हेडफोन काढून स्वतः कान लावला, आवाज नाही. ती खोलीत आली, आवाज नाही. ती गेली, मी खेळायला बसलो, आवाज सुरू! मी म्हटलं, यात नवल ते काय? आमच्याच घरातलं कार्ड ते, तिला बघून गप्प बसणारच. मी नाही बसत?

शेवटी मुलीने दाराआडून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला. तेव्हा कुठे मी तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. ‘शीऽऽऽ…’ मग थांबतो. परत ‘शीऽऽऽ…’ लढाई पेटली की आवाज पेटतो, आणि मी गेममध्ये मेलो की एक लांबलचक ‘फुऽऽऽस’ होऊन सगळं शांत. मुलगी म्हणाली, ‘बाबा, ह्याला तुम्ही मेल्याचं दुःख होतंय.’ तुम्हाला सांगतो, मला भरून आलं. घरात कुणाला तरी! कार्ड गुणी आहे हो माझं!

रेकॉर्डिंग ऐकून दुरुस्तीवाला कॉम्प्युटर दुकानात घेऊन गेला. दिवसभर तो नुसता पिदडला, जड जड गेम लावले, तापवला. आवाज? छे! डॉक्टरकडे नेलं की पोराचा खोकला थांबतो ना, तसं. ‘काका, मशीन ओके.’ घरी आणला, खुर्चीत बसलो, गेम लावला… ‘अहोऽऽ! कुकर!’

शनिवार उजाडला. मेहुणाही उजाडला. बायको म्हणाली, ‘माझा क्लास आहे, तेवढ्यात आवरा,’ आणि दार लोटून गेली. मी प्लग काढला. वायरी काढल्या. मेहुणा म्हणाला, ‘राहू दे दाजी, मी काढतो,’ मी म्हटलं, नको. कार्ड मीच काढणार. वेगळं फडक्यात गुंडाळून ने म्हटलं त्याला, झुकतं ते. इतकं वापरलंसुद्धा नव्हतं हो मी ते! कार्डाचा तो शेवटचा बारीक स्क्रू सुटेना. चष्मा कपाळावर, ओठ घट्ट मिटलेले, मी आपला वाकून फिरवतोय, फिरवतोय…

‘अहोऽऽ!’ पलीकडून बायको. ‘बंद करा ते! जाता जाता खेळताय कसले?’

मी वर बघितलं. मेहुण्याने वर बघितलं. प्लग त्याच्या हातात.

आणि मग दारातून मुलगी म्हणाली, अगदी शांतपणे, ‘बाबा, श्वास घ्या.’

‘घेतोय की.’

‘तोंड मिटून. नाकाने.’

घेतला.

शीऽऽऽ…

मेहुणा इतका सभ्य, की खिडकीबाहेर बघायला लागला. बायको क्लास अर्धवट टाकून धावत आली, म्हणून मी श्वासच रोखून धरला. ती म्हणाली, ‘सोडा.’ सोडला. फुऽऽऽस. तिने कॉम्प्युटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पलीकडे मोबाइलमधून त्या विद्यार्थिनीचा आवाज, ‘मॅडम, आता झाला बघा.’

तरीही मला काय वाटलं असेल सांगा? आनंद! मी ओरडलोच, कार्ड गुणी आहे हो माझं! पहिल्या दिवसापासून सांगत होतो! पुढे नाकाच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो, तो म्हणाला, आतलं हाड जरा वाकडं आहे, मन एकाग्र झालं की शिट्टी वाजते, काळजीचं कारण नाही. एकाग्र झालं की! म्हणजे ऑफिसात इतकी वर्षं एकदाही वाजली नाही, ते त्यामुळे.

त्या शनिवारी बायकोही मोठ्या मनाची निघाली. म्हणाली, ‘निष्पाप आहे बिचारं ते. राहू दे इथंच, लावा वायरी.’ लावल्या. मेहुणा म्हणाला, ‘चालतंय का बघू का दाजी?’ आणि बसला. तासभर खेळला. पलीकडे क्लास सुरू, आणि चकार आवाज नाही! टाचणी पडली तर ऐकू यावी. बायको दारात येऊन उभी राहिली, भावाकडे कौतुकाने बघत. ‘बघितलंत?’ म्हणाली.

तेव्हापासून क्लासच्या वेळी तोच येऊन खेळतो. मी मागे स्टुलावर बसतो, तोंडाने श्वास घेत. कॉम्प्युटर माझा, खुर्ची माझी, हेडफोन माझे. फक्त नाक त्याचं.