पिवळा उजेड की पांढरा?

...आणि मांडीला चौदा टाके, पाय उशीवर, अंगात ताप, आणि हे मला विचारतात, "अगं, तुला पिवळा उजेड बरा वाटतो की पांढरा?" म्हटलं, मला तुमचा चेहरा पांढरा दिसतोय तेवढा पुरे! तर म्हणतात, "चेष्टा नको करूस, पिवळ्यात सावली मऊ पडते." सावली मऊ पडते! अहो, कुत्र्याला फिरवायचं होतं, लढाईला नव्हतं जायचं!

थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल, ही बाई नवऱ्याच्या तक्रारी घेऊन बसली. बसलेच आहे, पण कारण आहे. आमचे हे चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. बावीस वर्षं झाली. काच मशीनवर धरायची, घासायची, डोळ्यासमोर धरायची, परत घासायची. घरात झुरळ निघालं तर त्याला कागदावर घेऊन जिन्यापर्यंत सोडायला जाणारा माणूस! भाजीवाल्याने सडका टोमॅटो घातला तर म्हणणार, "असू दे, त्याला तरी तो कुणाला तरी द्यायचाच होता." असा नवरा. आणि आमचा कुत्रा त्यांच्याहून गरीब. एवढासा, तपकिरी, पुढचे पाय फेंगडे. नाव मॅनेजर. दिवसभर काही करत नाही आणि आल्यागेल्यावर गुरगुरतो, म्हणून ह्यांनीच ठेवलेलं. आयुष्यात ह्यांनी केलेला तेवढा एकच विनोद.

आता हा मॅनेजर दिवसा बाहेर जाईल तर शपथ! रात्री साडेदहाला दारात उभा राहणार, आणि तेही मागच्या गल्लीतच जायचं. मागच्या गल्लीत काय आहे? लाकडाची वखार. वखारीत काय आहे? वखारवाल्याचा कुत्रा. वासराएवढा! आणि गल्लीत काय नाही? दिवा. खांब आहे, दिवा नाही. तीन महिने.

त्या रात्री वखारीचं फाटक नीट लागलेलं नव्हतं. हे सांगतात, आधी दिसलं काहीच नाही, नुसता श्वास ऐकू आला. पुढच्या क्षणी त्या राक्षसाने मॅनेजरची मान धरली आणि आपण ओलं फडकं झटकतो ना, तसा झटकायला लागला. हे पट्टा ओढतायत इकडे, तो ओढतोय तिकडे, मधे मॅनेजर किंचाळतोय, आणि अंधार असा की कुठला कुत्रा कुठला कळेना. मग ह्यांनी जीव एकवटून लाथ घातली. कुणाला? मॅनेजरला! बिचाऱ्याला तिकडून दात आणि इकडून बूट! पण त्या हिसक्याने तो सुटला, आणि राक्षसाने रिकाम्या झालेल्या तोंडात ह्यांची मांडी घेतली.

आरडाओरडा ऐकून वखारवाला बाहेर आला. दारात मावणार नाही असा माणूस, बनियनवर. आणि म्हणतो काय? "काही करत नाही हो तो!" अहो, मांडी त्याच्या तोंडात आहे! "तुम्ही घाबरलात ना, म्हणून त्याला राग आला. घाबरू नका म्हणजे सोडेल." म्हणजे चूक मांडीची!

मॅनेजरचा अर्धा कान गेला, मानेला भोकं पडली. ह्यांना चौदा टाके आणि इंजेक्शनं. पण टाके घालताना ओरडले नाहीत. नुसते छताकडे बघत म्हणत होते, "मला दिसलं नाही गं. मी आपल्याच कुत्र्याला लाथ मारली." रात्री झोपेतही तेच. "मला दिसलं नाही." मला भडभडून आलं. म्हटलं, उद्याच्या उद्या टॉर्च घ्यायचा. तुम्हाला सांगते, तोंडातून तो शब्द काढला आणि घराची शांतता संपली!

दुसऱ्या दिवशी मीच जाऊन एक आणला. छोटासा, खिशात मावणारा. ह्यांनी लावला, भिंतीवर मारला आणि म्हणाले, "हा घशात बघायला ठीक आहे." मग टाके निघाल्यावर लंगडत लंगडत स्वतः निघाले, मागे मी. विजेच्या सामानाच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "किती लांबचं दिसायला पाहिजे?" हे म्हणाले, "लांबचं नको, कडेचं पाहिजे. मधे झगझगीत आणि कडेला काळोख असला की डोळा फसतो." दुकानदाराला वाटलं, डॉक्टर आलेत. मग ह्यांनी त्याला दुकानातले सगळे दिवे बंद करायला लावले! बाकीची गिऱ्हाइकं ओरडतायत, एक बाई माझ्या पायावर उभी, आणि हे काळोखात एकामागून एक अकरा टॉर्च पेटवून बघतायत. एक तर कपाळाला बांधायचा निघाला. मी म्हटलं, खाणीत उतरायचंय का? अहो, कुत्र्याला फिरवायचं होतं!

शेवटी एक घेतला. उजेड म्हणजे काय... ढगातून वीज काढून डबीत भरल्यासारखा. त्याचं बटण हळू दाबलं की उजेड आणि जोरात दाबलं की लुकलुक. हे आम्हाला कधी कळलं? समोरून मोटारसायकल आली तेव्हा! ह्यांनी दचकून बटण जोरात दाबलं, त्या पोराच्या डोळ्यांत फटाफट दहा विजा पडल्या, आणि तो सरळ शिंप्याच्या दुकानाच्या शटरवर. धडाम! उठला, नाकातून रक्त, शांतपणे हेल्मेट काढलं, आणि त्याच हेल्मेटने ह्यांना बडवायला सुरुवात केली. आणि हे मार खाता खाता त्याला काय विचारतात? "डोळ्यांपुढे हिरवे ठिपके दिसतायत का? मग चोळू नका हं." त्याला वाटलं, थट्टा करतोय. आणखी तीन हाणले! घरी आले तेव्हा ह्यांचा एक डोळा मिटलेला आणि मॅनेजर नवा कोरा. तो कधीच पळून आला होता.

हे परत दुकानात. मीही पुन्हा गेले, कारण एका डोळ्याने काय निवडणार? दुकानदाराने ह्यांच्याकडे नीट बघितलं, आत गेला आणि एक काढून आणला. हातभर लांब, सगळा लोखंडी, आत चार जाडे सेल. मला म्हणाला, "वहिनी, हा पहारेकरी वापरतात. ह्याने उजेडही पडतो आणि माणूसही पडतो." मी हसले. हे हसले नाहीत. आणि तुम्हाला सांगते, मी तिथेच ओळखायला हवं होतं... ह्यांनी तो लावून बघितला नाही. पिवळा की पांढरा, विचारलं नाही. नुसता हातात घेतला, तोलला, आणि म्हणाले, "हाच."

त्या रात्री मीही सोबत निघाले. म्हटलं, पाय लंगडा, डोळा सुजलेला, कुत्रा भित्रा, तिघांत एक तरी धड असावं. वखारीपाशी आलो. फाटक पुन्हा तसंच! आणि तोच श्वास. पण ह्या वेळी ह्यांनी बटण दाबलं आणि तो अख्खा दिसला हो. डोळे, दात, मानेवरचे ताठ केस. मी किंचाळले. हे नाही. तो झेपावला आणि ह्यांनी जागचे न हलता टॉर्च त्याच्या तोंडावर हाणला. खाडकन आवाज आला. राक्षस कोलमडला, कुंईकुंई केलं, आणि वळून आत पळाला.

संपलं होतं. तुम्ही सांगा, संपलं होतं की नाही? मी म्हटलं, चला घरी! तर हे त्याच्या मागे आत! लंगडत नाही, पळत! ओंडक्यांच्या कोपऱ्यात तो अडकला आणि हे मारतच सुटले. टॉर्च वर गेला की उजेड छपरावर, खाली आला की काळोख. वर, खाली. वर, खाली. प्रत्येक उजेडात तो कुत्रा आणखी लहान दिसत होता. मी ओरडतेय, "अहो, पुरे! अहो, फिरवायला आणलाय हो कुत्रा, फिरवायला!" ऐकतंय कोण?

वखारवाला धावत आला आणि हातातली फळी ह्यांच्या पाठीत घातली. दुसरा कुणी आडवा झाला असता. हे फिरले आणि तोच टॉर्च त्याच्या खांद्यावर. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज. तो डोंगर खाली बसला. आणि आता हे त्याच्या डोक्यावर टॉर्च उचलून उभे! मी मागून कमरेला मिठी मारली, सोडवेना. केस ओढले, आहेत किती? मग मी... चावले. हो! ह्यांच्या मनगटाला कडकडून चावले. रक्ताची चव लागली तोंडाला. टॉर्च पडला, घरंगळला आणि खालून ह्यांच्या तोंडावर उजेड पडला. बावीस वर्षं काचा घासणारा माणूस नव्हता तो. दात दिसत होते. हसत होते की काय, मला अजून कळलेलं नाही, आणि मी विचारलेलंही नाही.

तेवढ्यात मॅनेजरने भिंतीशी जाऊन शांतपणे आपलं काम उरकलं. आलोच होतो ना त्यासाठी!

मग वखारवाला सरपटत त्या कुत्र्यापाशी गेला. एका हाताने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडायला लागला. "ऊठ रे राजा... ऊठ ना रे..." एवढा मोठा बाप्या, लहान पोरासारखा. हे त्याच्याजवळ गेले. खाली बसले, टॉर्च उचलला, हळूच कुत्र्याच्या तोंडाशी धरला, पापणी उघडली, आणि आपल्या दुकानातल्या आवाजात म्हणाले, "डावा डोळा गेला. उजवा वाचेल. चला, उचला."

जनावरांच्या डॉक्टरकडे जायचं कसं? वखारवाल्याच्या टेम्पोतून. चालवणार कोण? ह्यांना येत नाही, मला येत नाही, आणि ज्याला येतं त्याचा डावा हात लोंबतोय. मग स्टिअरिंग त्याच्या उजव्या हातात, गिअर ह्यांच्या हातात, आणि मागे मी, एका मांडीवर राक्षस, दुसरीवर मॅनेजर. आणि रस्ताभर तो ओरडतोय, "तुला जिवंत सोडत नाही! हाड न् हाड मोडतो तुझं... दुसरा टाक, दुसरा! तुला आत टाकतो, सडवतो... अरे आता तिसरा, गाडी रडतेय!" आणि हे, "हो, हो, टाकतो." आणि मागे दोन्ही कुत्री एकमेकांना चिकटून थरथरतायत. कोण कुणावर गुरगुरणार?

तिथून आम्ही दवाखान्यात. नर्सने ह्यांना ओळखलंच. मनगट बघून म्हणाली, "पुन्हा कुत्रा?" हे म्हणाले, "नाही. बायको." तिने इंजेक्शनाची सुई खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. म्हटलं, अगं, माझी काही तपासणी नको!

सकाळी पोलीस चौकी. वखारवाला गळ्यात हात बांधून एका बाकावर, हे दुसऱ्या बाकावर. हवालदार टॉर्च उलटासुलटा करून बघतोय. "काय हो, किती भाग उजळतो ह्याने?" आणि आमचे हे, कोठडीपासून चार पावलांवर बसून, त्याला सांगतात, "कडेचं चांगलं दिसतं." मी डोक्याला हात लावला! शेवटी वखारवालाच म्हणाला, "फाटक माझंच उघडं होतं. पहिल्या वेळीही. मिटवा साहेब." ह्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "तो पळत होता. मी तरी मारला." हवालदाराने दोघांच्या सह्या घेतल्या आणि टॉर्च माझ्या हातात दिला. पोचा पडलेला, पण चालू.

त्यानंतर महिनाभर ह्यांच्या हातून काचा फुटत होत्या. कुत्रा वाचला, एका डोळ्याने. हे दर रविवारी त्याला बघायला वखारीत जातात. तो ह्यांना बघून ओंडक्यांमागे लपतो, आणि हे तिथेच उकिडवे बसून राहतात. अर्धा अर्धा तास. काय बोलतात त्याच्याशी, देव जाणे.

आणि रात्री? मॅनेजर थोडाच ऐकतोय! साडेदहा वाजले की दारात. पहिल्या रात्री मी टॉर्च ह्यांच्यापुढे धरला, तर हात मागे घेतले. "माझ्या हातात नको देऊस. तू धर." म्हणून आता रोज आम्ही दोघं. पुढे मॅनेजर, मधे हे पट्टा धरून, मागे मी तो लोखंडी सोटा घेऊन. आणि हे वळूनसुद्धा न बघता मला सांगत असतात, "जरा खाली धर... डावीकडे... हलवू नकोस गं... अगं, कडेला मार, मधे नको... तुला साधा टॉर्च धरता येत नाही का?" रोज! जाताना, येताना! आणि माझ्यासमोर दीड हातावर, त्याच उजेडात, ह्यांचं टक्कल असं लख्ख चमकत असतं...

मी आपला टॉर्च ह्या हातातून त्या हातात घेते, आणि चालत राहते.