मागच्या सीटचा दावा

सन्माननीय अध्यक्ष भाऊसाहेब प्रधान, आजच्या सत्कारमूर्ती डॉ. सुमतीबाई खारकर, त्यांच्या जागी रुजू होणारे डॉ. आनंद बर्वे, व्यासपीठावरील मान्यवर आणि आपल्या प्रसूतिगृहावर लोभ असणाऱ्या कल्याणकर बंधुभगिनींनो,

भाऊसाहेबांनी मला पायरीवरच गाठून सांगितले, “वकीलसाहेब, बाईंच्या गुणांवर चार शब्द बोला. तेवढा मोटारीचा विषय काढू नका.” आता तुम्हीच सांगा, सुमतीबाईंविषयी बोलायचे आणि मोटार वगळायची, हे जमावे कसे?

शिवाय विषय मी काढलेला नाही, मंडळाने काढला आहे. आज सकाळी ठराव झाला, की संस्थेच्या मोटारीला मागची सीट नाही हे शोभत नाही, तर ती बसवून घ्यावी. सूचना नव्या डॉक्टरांची. ती सीट माझ्या ओटीवर आहे आणि उद्या विश्राम ड्रायव्हर हातगाडी घेऊन ती न्यायला येणार आहे. मी संस्थेचा कायदेशीर सल्लागार. मला कोणी विचारलेसुद्धा नाही. असो.

नव्या मंडळींसाठी थोडे मागचे सांगतो. पन्नास साली गावाने वर्गणी काढून बाईंसाठी विलायतेहून मोटार मागवली. बोटीने मुंबई गोदीत, तिथून मालगाडीने कल्याणच्या मालधक्क्यावर. आम्ही हार घेऊन उभे. खोक्याच्या फळ्या उघडल्या आणि हार हातातच राहिला. एक दिवा फुटलेला, दुसरा जाग्यावर नाही. वायपर नाहीत, जॅक नाही, बॅटरी नाही, समोरचे घड्याळ उपटून नेलेले, मडगार्ड चेपलेला. आणि मागची सीट अख्खी गायब. अहो, घड्याळ खिशात जाते हे मी समजू शकतो. मोटारीची सीट गोदीच्या दरवाजातून कोणाच्या खिशातून गेली असेल?

मी त्याच क्षणी सर्वांना बजावले, की विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत या मोटारीला कोणी हात लावायचा नाही. हा पुरावा आहे. मोटार प्रसूतिगृहाच्या आवारात ओढत नेली, भोवती दोरी बांधली आणि मी निश्चिंतपणे कोर्टात गेलो. तेच चुकले. संध्याकाळी येऊन पाहतो तो मोटार लख्ख धुतलेली! दारी आलेल्या नव्या वस्तूचे हळदीकुंकू करायचे, ती पारोशी कशी चालेल, असे भगिनीवर्गाचे म्हणणे. फुटक्या काचा कोणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून झाडून कचरापेटीत. चेपलेला मडगार्ड वाईट दिसतो म्हणून त्यावर झेंडूची माळ. या सत्कर्मात पुढाकार कोणाचा, तर माझ्याच धर्मपत्नीचा. ती समोरच बसली आहे आणि तिला अजूनही काही चुकल्यासारखे वाटत नाही.

तरी सीट नव्हती हे तर दिसत होते ना? त्याच आशेवर मी सर्व्हेअरला घेऊन आवारात आलो. दोरी होती, मोटार नव्हती. विश्रामने कुठून तरी बॅटरी पैदा केली होती आणि बाई शहाडच्या पलीकडे गेल्या होत्या. मालन नावाची एक बाळंतीण अडली होती. आम्ही दोघे दारात ताटकळत उभे. मोटार आली. सीटच्या रिकाम्या जागेत गादी घातलेली, पुढची एक सीट सरकवलेली, गादीवर मालन आडवी आणि तिच्या शेजारी मोटारीच्या तळाशी मांडी घालून बाई. सर्व्हेअर सज्जन गृहस्थ. त्यांनी मालनला आत नेण्यासाठी एका बाजूने हातही दिला. आणि मग अहवालात लिहिले, की गाडी वापरात असून सीटच्या अभावी वापरणाऱ्याची कोणतीही गैरसोय झालेली दिसत नाही.

बाईंना मी म्हणालो, आमचा दावा तुम्ही मातीत घातलात. बाई म्हणाल्या, मुलगा झाला.

पुढे चार वर्षे मी भांडलो. बोटवाले म्हणायचे चोरी गोदीत झाली, गोदीवाले म्हणायचे रेल्वेत, रेल्वे म्हणायची खोका आमच्याकडे आला तोच हलका होता. विमा कंपनी म्हणायची, आधी त्या तिघांचे ठरू द्या. माझी पक्षकार मंडळी कंटाळून दुसऱ्या वकिलाकडे गेली. मी या पायी कोणाकोणाचे उंबरे झिजवले, ते सांगत बसलो तर बाईंची ठाण्याची गाडी चुकेल. शेवटी कंपनी नमली. दिवे आले, वायपर आले, आणि एका स्वतंत्र खोक्यातून लाल चामड्याची कोरी करकरीत सीट आली. तिला एक ओरखडा नव्हता. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा विजय. मी ती वाजतगाजत प्रसूतिगृहात नेली.

बाईंनी दिवे घेतले, वायपर घेतले. सीटकडे पाहून म्हणाल्या, “ही तुमच्याकडेच राहू द्या. बसवली तर बाईमाणसाला निजवू कुठे?”

झाले. चार वर्षांच्या लढाईचा निकाल बाईंनी उभ्या उभ्या फिरवला. तेव्हापासून सीट माझ्या ओटीवर आहे. तिच्यावर सकाळी पक्षकार बसतात आणि दुपारी घरचे सांडगे वाळतात. मला त्या दिवशी बाईंचा जो संताप आला, तो मी पुष्कळ दिवस जपून ठेवला होता. रस्त्यात भेटल्या तरी मी फक्त नमस्कार करायचो.

गेल्या वर्षी माझी सरोज पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. ऐन दुपारी एकाएकी रक्त जाऊ लागले. मी धावत जाऊन टांगा आणला. तिला धरून बसवले, तशी ती पांढरीफटक पडली आणि मान टाकली. तेवढ्यात घरून गेलेल्या निरोपावरून बाई मोटार घेऊन आल्या. “तिला बसवू नका,” एवढेच म्हणाल्या. आम्ही तिला गादीवर सरळ आडवी घातली. सगळ्या वाटेने बाई तळाशी बसून तिचे पाय आपल्या खांद्यावर उंच धरून होत्या. मी पुढे बसलो होतो. मागे वळून पाहायची माझी छाती झाली नाही.

मूल गेले. सरोज राहिली. ती आज या सभागृहात बसलेली आहे. बसवून आणली असती तर राहिली नसती, हे बाईंनी मला नंतर स्पष्ट सांगितले. त्या कधी गोड बोलत नाहीत, म्हणून माझा विश्वास बसला.

बाई, आपण भावाकडे ठाण्याला जात आहात. आपल्यामागे कसे होणार, याची मला खरोखर भीती वाटते. आपण कोणाशी भांडत नव्हतात आणि म्हणूनच आपल्याशी भांडणे अवघड होते. या गावात माझ्यावर एवढा वैताग कोणी आणला नाही आणि एवढे उपकारही कोणी केले नाहीत.

डॉ. बर्वे, आपले स्वागत आहे. मोटार शोभिवंत दिसावी हा आपला हेतू चांगला आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण ती सीट मी देणार नाही. विश्रामने उद्या हातगाडी आणण्याची तसदी घेऊ नये. सीट संस्थेची मालमत्ता आहे हे मला ठाऊक आहे. मंडळाने माझ्यावर खुशाल दावा लावावा. दावा किती वर्षे लांबवता येतो, हे मला विमा कंपनीने उत्तम शिकवले आहे.

आपण सर्वांनी माझे रडगाणे शांतपणे ऐकून घेतलेत, भाऊसाहेबांनी मधे घंटा वाजवली नाही, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाला काही लागले असेल, कोणाचा मान राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावे. फक्त सीटपुरती क्षमा मी मागत नाही.