दुधाचा फ्रीजर

—नाही, चहा विचारणार नाहीये मी. आणि आवाज खाली. आत बाळ झोपलंय. उठलं तर तुझ्याच मांडीवर देईन, मग बघू तुझी घाई कुठे जाते. दाखव तो डबा. अगं बाई! हे इलेक्ट्रोड? आटलेल्या तळ्याचा तळ उचलून आणल्यासारखं दिसतंय. प्रिंटर बिघडला म्हणे! प्रिंटरवर कशाला ढकलतोस, तो बिचारा सुईतून कार्बनची शाई सोडत थरावर थर रचतो, रचलेत त्याने—रेघ बघ, कशी एकसारखी आहे. छापून झाल्यावर तू काय केलंस ते सांग. भट्टीत? भट्टीत वाळवलंस! उगाच नाही सगळे तुला घाईकर म्हणत. अरे, शाईतलं पाणी असं सुकवलं की ते जाताना जाळीला आत खेचतं, जाळी आक्रसते, तडकते. मग बॅटरीत वीज साठणार कुठे, या भेगांमध्ये? मी छापल्या छापल्या गोठवायचे. मग निर्वात पेटीत तो बर्फ न वितळताच उडून जातो आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात—त्या पोकळ्यांसाठीच तर सगळा खटाटोप. कुठे गोठवायचे म्हणून काय विचारतोस? प्रिंटरशेजारी छोटा फ्रीजर होता ना. हो, तोच. ‘दुधाचा फ्रीजर’. लॅबच्या मोठ्या बाईंकडे तक्रार करून तू अडगळीत पाठवलास, तो.

तळाला तांब्याची प्लेट होती, ती काय बाटल्यांना बसायला आसन म्हणून ठेवली होती? बाळासाठी काढलेल्या माझ्या दुधाच्या बाटल्या वरच्या कप्प्यात होत्या. नियमात बसत नव्हतं, मान्य—खाण्यापिण्याचं काही आत आणू नये ही दारावरची सूचना मीच टाइप केलेली, आता बोल! पण मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. तू सगळ्यांसमोर बाटली वर धरलीस. “हे कोणाचं सॅम्पल?” सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचाच राग अजून येतो. मग पुन्हा रजा टाकली. बाळाची तब्येत म्हणून सांगितलं. बाळाला काय धाड भरलीये? ठणठणीत आहे.

काय म्हणालास? उद्याही जमलं नाही तर बाई जाळीचं काम कायमचं बंद करणार? करू देत. मला काय त्याचं? मी सुखात आहे. फक्त मलमाची ट्यूब दाबली की धार मध्येच तुटते का ते बघत बसते. परवा दुपट्यावर मलमाची जाळी काढली—तीन थर, एकही कोसळला नाही—सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, त्यांना वाटलं सून गेली कामातून—

हे तुला कशाला सांगतेय मी? ऊठ. ऊठ म्हणते ना. फ्रीजर आजच अडगळीतून काढ. दुसऱ्या कोणाला कामाला लावू नकोस, स्वतः उचल, सगळ्यांसमोरून ने. पुसून प्रिंटरशेजारी लाव, तळाची प्लेट जागेवर बसव. छापायला हात लावू नकोस. आणि वरचा कप्पा रिकामा ठेव.

कशासाठी काय?

उठलं बघ बाळ. निघ.